सुपीरियरच्या पाण्यावर दादाची दशमी

कॅनडाहून परत आले तेव्हापासून नारपोलीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का? नाही पाहिला म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. एवढा पासपोर्ट काढला, व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, वीस-बावीस तास विमानात पाय सुजवून घेतले आणि नायगारा नाही पाहिला, म्हणजे मला कुणीतरी फसवलं असणार असं त्यांना वाटतं. एकीने तर माझी समजूतच घातली, पुढच्या वेळी बघाल हो. शेवटी ठरवलं की काय पाहिलं ते एकदा लिहूनच काढावं.

मी पाहिलं ते एक तळं. तळं म्हणायलाही जीभ अडखळते, कारण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. सुपीरियर त्याचं नाव. त्याच्या उत्तरेच्या काठावर थंडर बे नावाचं गाव आहे आणि त्या गावात माझी भाची सायली वृद्धांच्या एका संस्थेत काम करते. तिने आपल्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तिकीट पाठवलं. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दादाला इंग्रजी येत नाही आणि एकट्याने विमानात बसायची त्याची तयारी नव्हती. मी मराठी शाळेतून निवृत्त झालेली, घरी मोकळी. आमच्या ह्यांचा जीव आपल्या पॉवरलूमच्या खडखडाटाशिवाय कुठे रमत नाही, ते येणार नव्हतेच. तेव्हा दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं माहेर कशेळीचं, खाडीकाठचं. दादा तरुणपणी नाव घेऊन खाडीत जायचा आणि बोय, काळुंदर, कोळंबी घेऊन यायचा. पुढे खाडीचं पाणी काळं पडलं, मासा गेला, शेतजमिनीवर गोदामं उभी राहिली आणि नाव विकली गेली. आता तो पासष्टीचा आहे. आमच्याच जागेवरच्या गाळ्यांच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि आत-बाहेर जाणारे कंटेनर बघतो. पैशाची ददात नाही. तरी रोज सकाळी कॅलेंडरवर तिथी बघून भरती किती वाजता ते तो मोठ्याने सांगतो. घरात आता ते कुणालाच नको असतं.

आणि माझ्याबद्दल एक. आमच्या घरात बाईने वल्ह्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. हात लावला की जाळं रिकामं येतं म्हणे. आम्ही चिखलात उतरून शिंपल्या, खुबे वेचायचे, मासळी डोक्यावरून बाजारात न्यायची, पण नावेत बसायचं ते फक्त पलीकडे जायचं असेल तेव्हा, आणि तेही हात मांडीवर ठेवून. मी नऊ वर्षांची असताना काठाला बांधलेल्या नावेत एकदा गुपचूप चढले आणि वल्हं धरलं. दादाने पाहिलं. मारलं नाही, ओरडलाही नाही. वल्हं माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्यासमोर हळदीच्या पाण्याने धुतलं. मी आज सत्तावन्न वर्षांची आहे. आयुष्यात नाव एकदा तरी आपल्या हाताने चालवावी, ही माझी इच्छा तेव्हापासूनची, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

थंडर बे

पहिले तीन दिवस आम्ही झोपेत चालल्यासारखे फिरलो. ऑगस्ट होता तरी सकाळी स्वेटर लागायचा, आणि संध्याकाळ संपता संपत नव्हती. जेवणं उरकून, भांडी घासून बाहेर यावं तर उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर. दादा म्हणाला की इथल्या लोकांना दिवस फुकट मिळतो.

गावासमोर पाण्यात एक लांबलचक डोंगर पडलेला आहे. डोकं, छाती, पोट, पाय, सगळं स्पष्ट दिसतं. तिथले लोक त्याला झोपलेला राक्षस म्हणतात. दादाने बघताक्षणी त्याला कुंभकर्ण म्हटलं, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. सकाळी धुक्यात कुंभकर्णाचं नुसतं पोट तरंगायचं, दहाच्या सुमाराला पाय यायचे. बंदरावर धान्य साठवायचे सिमेंटची उंच कोठारं आहेत, ओळीने उभी. इतका वेळ गप्प असलेला दादा तिथे एकदम जागा झाला. ट्रक कुठून घुसतो, माल वर कसा चढवतात, पाऊस आला तर काय, असे प्रश्न विचारून त्याने सायलीला हैराण केलं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

इथल्या लोकांचा आणि पाण्याचा मामला मला फार आवडला. शनिवार आला की प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या टपावर एक नाव पालथी बांधलेली. निमुळती, हलकी, कनू म्हणतात तिला. आत जंगलात इतकी तळी आहेत की लोक एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, आणि मध्ये जमीन आली की नाव डोक्यावर घेऊन चालतात. आम्ही एका पायवाटेवर असं जोडपं पाहिलं. पुढे बाई, तिच्या डोक्यावर अख्खी नाव, मागे नवरा पिशव्या घेऊन. मी थांबून बघत राहिले. दादा म्हणाला, "आपल्याकं नाव मानसाला नेते, इथं मानूस नावंला." पण नाव बाईच्या डोक्यावर होती, त्याबद्दल तो काही बोलला नाही.

एक धबधबाही पाहिला, नायगारावाल्या बायकांनी नोंद घ्यावी. त्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. झाडांच्या मुळांचा आणि पाल्याचा रंग उतरतो म्हणे. पडताना त्याला सोनेरी फेस येत होता आणि तुषार आमच्यापर्यंत पोचत होते. तिथे एका बाकावर बसून मी अर्धा तास डोळे उघडे ठेवून झोपले असेन.

खाण्याचे हाल मात्र दादाचेच झाले. श्रावण चाललेला. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद, आणि हा मनुष्य अशा गावात येऊन पडला जिथे तळ्यातला मासा धुरावर भाजून कागदात गुंडाळून देतात आणि त्याचा वास रस्ताभर येतो. दोन दिवस त्याने दम धरला. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं की आपल्याकडे रात्र असते तेव्हा इथे दिवस, मग श्रावण इथे धरायचा की तिथे? मी म्हटलं, तुझं तू बघ. त्याने धरला, पण त्या दिवशी कुणाशी धड बोलला नाही.

हेल्मीचा कॅम्प

सायलीची घरमालकीण हेल्मी. वय पंच्याहत्तर, उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. तिचे आजी-आजोबा फिनलंडहून इथे आले. तळ्याकाठी तिचं लाकडी घर आहे. अशा घराला इथले लोक कॅम्प म्हणतात. सायलीला सलग ड्युट्या लागल्या तेव्हा हेल्मीने आम्हा दोघांना तीन दिवसांसाठी कॅम्पवर नेलं.

ते पाणी मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा कुठे पाहतेय हेच कळेना. लाकडी धक्क्यावर उभं राहून खाली बघितलं तर खालचे गोटे, त्यांच्यावरच्या रेघा, एक बुडालेला ओंडका, सगळं हात घालून उचलावं इतकं जवळ. हेल्मी म्हणाली की तिथे दोन पुरुष खोल पाणी आहे. धक्क्याला तिच्या वडिलांनी बांधलेली लाकडी वल्ह्यांची नाव होती आणि तिची सावली तळाच्या गोट्यांवर पडलेली. नाव पाण्यात नाही, हवेत टांगलीय असं वाटत होतं. कुठे आवाज नाही. मधूनच लून नावाचा पक्षी लांब सूर काढून हाक मारायचा, आणि ती हाक पाण्यावरून इतक्या दूर जायची की शेवटी ऐकू येतेय की आठवतेय ते समजत नव्हतं. मला तिथे बसल्या बसल्या माझी आई दिसली, खाडीकाठी ओल्या टोपलीसह. मला रडू आलं आणि छानही वाटलं.

दादाने ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चाखलं. "येवढा मोटा न् गोरा," म्हणाला, म्हणजे गोड. त्याला ते पटत नव्हतं. एवढ्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, हेही त्याला पटेना. त्याने काठावरच्या एका दगडावर कोळशाने रेघ मारली आणि बसून राहिला. तासाभराने पाणी रेघेखाली चार बोटं उतरलं, मग पुन्हा चढलं. तो उठला तो जग जिंकल्यासारखा. मी हेल्मीला विचारलं. ती म्हणाली, ही भरती नव्हे. वारा पाणी एका टोकाला ढकलतो आणि वारा पडला की ते परत येतं, टबातल्या पाण्यासारखं, त्याला वेळापत्रक नसतं. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, बाईला म्हनावं तू घर सांभाळ, पानी मना कलतं. मी हे काही इंग्रजीत केलं नाही.

संध्याकाळी हेल्मीने सौना तापवला. लाकडाची छोटी खोली, आत चुलीवर तापलेले दगड, त्यांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम काढत बसायचं. तिथले लोक कपड्यांशिवाय बसतात. मी गाऊन घालून बसले. हेल्मीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. वाफ अशी दाटली की एकमेकींचे चेहरे दिसेनात. कदाचित म्हणूनच मी तिला वल्ह्याची गोष्ट सांगितली, हळदीच्या पाण्यासकट. मोडक्या इंग्रजीत. अठ्ठेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलणं. हेल्मीने सगळं ऐकून घेतलं, दगडांवर आणखी एक पळी पाणी टाकलं आणि म्हणाली, उद्या दोघं समोरच्या बेटावर जा, ब्लूबेरी पिकल्यात.

बेट

सकाळी आम्ही धक्क्यावर आलो तर नाव तयार होती, लाइफ जॅकेटं ठेवलेली. हेल्मीने दोन्ही वल्ही माझ्या बाजूला धरली होती. मी हात पुढे करायच्या आत दादाने ती घेतली. त्याच्या मनातही काही आलं नसेल. ताट आलं की माणूस हात धुतो, तसं. हेल्मीने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या फळीवर जाऊन बसले. हात मांडीवर होते हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि स्वतःचाच फार राग आला.

पण दादा काय वल्हवतो, हेही सांगायला हवं. वीस वर्षांनी वल्ही हातात आलेली. पहिले चार-सहा हात अडखळले आणि मग त्याची पाठ सैल झाली, मान वर आली. दहा मिनिटांत आम्ही बेटावर होतो. फाटकाशी खुर्चीत बसलेला माझा भाऊ कुठेतरी मागे राहिला होता, आणि मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी कौतुकही वाटत होतं.

बेट म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानाएवढा खडक, वर थोडी झाडं. मी म्हटलं नाव वर ओढून घेऊ, नाहीतर झाडाला बांधू. दादाने आदल्या रात्रीच फोनमधलं पंचांग बघून ठेवलं होतं. "आज दशमी. दाहा तिरीक तीस, भागिले चार, साडेसात. साडेसातला भरती झाली, आता दीडपावत पानी उतरनार. वर ओडून ठेवली तं मंग कोरड्यावरना ढकलताना कंबर मोडंल." तिथीवरून भरतीची वेळ काढायचं हे गणित आमच्या खाडीवर लहान पोरालाही येतं आणि तिथे ते चुकत नाही. मीही त्यावरच वाढलेली. नावेचं टोक गोट्यांवर जेमतेम टेकवून आम्ही वर गेलो.

ब्लूबेरी म्हणजे निळं करवंद समजा, फक्त चीक नाही आणि काटेही नाहीत. गुडघ्याएवढी झुडपं, उन्हाने तापलेला खडक, देवदारांचा वास. दादाने कागदाचा द्रोण करून मला दिला आणि आपण तोंडातच टाकत राहिला. जीभ निळी झाली. बोलत होता आजोबांबद्दल, जाळ्यांबद्दल, खाडीत एकदा सापडलेल्या मोठ्या जिताड्याबद्दल. किती वेळ गेला कळलं नाही. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच निळं दिसत होतं.

खाली आलो तर नाव नव्हती. काठापासून बरीच दूर, रिकामी, हळूहळू आडवी होत चालली होती. वारा फिरला होता आणि टबातलं पाणी आपल्या मनाने चढलं होतं.

दादा शर्टाची बटणं काढू लागला. पोहून गाठीन म्हणाला. हेल्मीने आम्हाला बजावलं होतं की या पाण्यात पट्टीचा पोहणाराही थोड्या वेळात गारठून हात हलवेनासा होतो. मी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. तो ओढत होता, मी सोडत नव्हते. शेवटी तो खाली बसला. मी माझी केशरी ओढणी काढून हलवत राहिले आणि हेल्मीला हाका मारत राहिले.

दादा खडकावरच्या पाण्याच्या रेघेकडे बघत होता. म्हणाला, "माजा पान्याचा हिशोब कवा चुकला न्हवता, बाय."

दादाचं एकदा तरी चुकावं अशी मी लहानपणी देवाला कितीदा विनवणी केली असेल. आज चुकलं, आणि मला मुळीच आनंद झाला नाही. मी त्याच्या शेजारी बसले. द्रोणातल्या ब्लूबेरी त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत.

रिकामी नाव कॅम्पसमोरून गेलेली हेल्मीने पाहिली होतीच. ती कनू घेऊन आली, सरळ, एकाच वल्ह्याने, पाण्यावर रेघ ओढावी तशी. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, दादाच्या पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मला बोट दाखवलं. तिच्याशिवाय कनूत आणखी एकच माणूस बसेल, आणि तेही हलकं हवं. दादाला बेटावर ठेवून आम्ही निघालो.

नाव पुढच्या वळणावर गोट्यांना लागून उभी होती, वल्ही आतच. मला वाटलं हेल्मी आता तिच्यात बसेल आणि कनू मागे बांधेल. तिने तसं केलं नाही. म्हणाली, माझ्याकडे माझी नाव आहे, ही तुझी. मी म्हटलं मला येत नाही. ती म्हणाली, तुझा भाऊ तिथे बसलाय.

मी चढले. वल्ही धरली. लाकूड उन्हाने गरम होतं. पहिल्यांदा नाव जागच्या जागी भोवरा झाली. मग एक वल्हं पाण्याच्या वरूनच गेलं आणि मी पाठीवर पडले. हेल्मी कनूतून हसत होती. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. नंतर तिने दोन्ही हात सारखे ओढून दाखवले, आणि पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या दोन्ही हातांखाली पाणी एकदम जड झालं आणि नाव निघाली. ते जड पाणी कसं लागतं ते मला लिहिता येत नाही. मी एकटीच मोठ्याने हसत होते. खाली तळाचे गोटे मागे सरकत होते, त्यांच्यावरून माझ्या नावेची सावली चालली होती, आणि वल्ह्यांवरून निथळणारे थेंब पाण्यावर लहान लहान वर्तुळं काढत होते. बेट किती लांब आहे ते बघायला मी मान वळवली नाही. लांब असलं तर बरंच होतं.

दादा काठावर उभा होता. नाव टेकली तसा तो गुडघाभर पाण्यात आला आणि सवयीने हात पुढे केला, "आन इकडं."

मी वल्ही सोडली नाहीत. म्हटलं, "न्हाय दादा. आज मी नेनार हाय."

तो पाण्यात तसाच उभा राहिला. हात पुढेच होता. पाणी गार होतं, त्याचे पाय लाल झाले होते. हेल्मी थोड्या अंतरावर वल्हं आडवं धरून थांबली होती. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. त्याला ते हळदीचं पाणी आठवलं का, मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. मग त्याने हात खाली घेतला.

"मंग मी कुटं बसू?" त्याने विचारलं.

मला क्षणभर समोरचं काही दिसेना. मी डोळे खांद्याला पुसले, कारण हात मोकळे नव्हते. त्याला मागच्या फळीवर, माझ्यासमोर बसायला सांगितलं. तो बसला. जॅकेटचं बक्कल त्याच्या पोटावरून लागेना, ते त्याने तसंच हाताने धरून ठेवलं. माझं डावं वल्हं उथळ जात होतं. दोनदा त्याचं तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

कॅम्प माझ्या पाठीमागे होता. सरळ गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम. मी नाव उजवीकडे काढली आणि बेटाला अख्खा वळसा घातला. कुठे चाललीस, असं दादाने विचारलं नाही.